पांढुर्ण्याची पहिली सुचिता

८ नोव्हेंबर

पोरगी होऊन सहा दिवस झाले अन् मले अजून एकानंही विचारलं नाई का नाव काय ठेवायचं. पोरानं, अभिजीतनं नाई, सुनेनं, श्रुतीनं नाई, तिच्या आईनं तर नाईच नाई. पेढे वाटून झाले, मोबाईलवर फोटो येऊन गेला. फोटोत पोरगी कमी अन् दुपट्टं जास्त. मी या घरातली मोठी का भिंतीवरची बंद घडी?

असो. राम राम, डायरीबाई. तू खताच्या दुकानातून आमच्या बुढ्याले फुकट भेटली. तो तुह्यात काही लिहीत नाई, कारण त्याले काही सुचत नाई. मले सुचते. मी चौथीपर्यंत शिकली. पाचवीत बसू देल्लं असतं तर आज तहसीलदारीण असती.

ठरलं ते लिहून ठेवते. नातीचं नाव सुचिता. म्हणजे माह्यं. विषय संपला.

९ नोव्हेंबर

विषय संपला लिहिलं, पण कारण लिहायचं राह्यलं.

माहेरी माह्यं नाव वेगळं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरवले अन् बुढ्यानं, तेव्हा बुढा नव्हता, अंगठीनं त्याच्यात लिहिलं, सुचिता. मांडवातल्या बाया एकमेकीकडे पाहू लागल्या. तेव्हा आमच्या या तिगावात सखू होत्या, पार्बत्या होत्या, ठमी होती. सुचिता ऐकली पण नव्हती कोणी. सासू तर मरेपर्यंत मले 'ए बाई' म्हणाली, तिच्या तोंडात बसलंच नाई.

आता पाहा. आंगनवाडीवाली सुचिता. पोस्टातली सुचिता. पांढुर्ण्यात शिलाईवाली सुचिता. मतलब काय? मतलब हे का नाव माह्यापासून निघालं अन् पसरलं. पांढुर्णा जिल्हा आत्ता परवा झाला, मी त्याच्या लय आधीची आहे.

पुरावा पण आहे. आमच्या पाणी भरायच्या पितळेच्या गुंडावर 'सौ. सुचिता' कोरलेलं आहे. लग्न लागायच्या आधी कोरून तयार होतं. कोणत्या नवऱ्याले इतकी घाई असते? याले होती. तोंडानं बोलत नाई, पण मनात होतं.

दुपारी विचारलं, हे नाव तुम्हाले सुचलं कसं हो. बुढा उठला अन् संत्र्याच्या बगीच्यात गेला. नेहमी जाते. लाजते.

११ नोव्हेंबर

सौसरले फोन केला. श्रुती बाळंतपणाले माहेरी, सौसरले आहे, म्हणून अभिजीत पण कचेरीतून सुटला का तिकडेच पळते. फोन त्यानं उचलला. म्हणे आई, नाव पाहून राहिलो, मोबाईलमध्ये लय आहेत. मी म्हणलं एखादं सांग. म्हणे कायरा.

कायरा! हाक मारली तर शेजाऱ्याले 'काय रे' ऐकू येईन, वाटन भांडण लागलं.

मी म्हणलं अर्थ काय त्याचा. म्हणे आई, अर्थ चार-पाच आहेत, सगळ्या साइटवर वेगळे. मी म्हणलं ज्याचा अर्थ ठरला नाई ते नाव पोरीले कशाले, तिचं पुढचं काय ठरन?

गुरुजींनी पत्रिकेवरून अक्षर काढलं, 'ढ'. सगळे घरचे टेन्शनमध्ये. मी एकटी खूष. 'ढ' पासून पोरीचं नाव कोणी ठेवलेलं मी ऐकलं नाई. मतलब देवानं मैदान मोकळं केलं माह्यासाठी.

१३ नोव्हेंबर

आजपासून काम सुरू. नुसतं बोलून आजकालचे पोट्टे ऐकत नाई, त्याईले पुरावा लागते. म्हणून पांढुर्ण्याले गेली, सुचिता मोजायले. बुढ्याले सांगतलं गुडघ्याच्या गोळ्या आणायच्या आहेत.

पहिले शिलाईवाली. तिच्या दुकानावर हे मोठं नाव, सुचिता लेडीज टेलर. मी म्हणलं बाई, तुह्यं नाव कोणी ठेवलं? तिनं तोंडातली सुई काढली अन् सांगू लागली का माह्या आईचं बाळंतपण… मी म्हणलं राहू दे, मले माहीत आहे, नाव कुठून आलं ते मलेच माहीत नसन तर कोणाले असन? ती हसली. म्हणे आजी, तुमी तिले ओळखता का? मी म्हणलं ओळखते म्हणजे! रोज आरशात पाहते. ती अजून हसली. चांगली पोरगी आहे, थोडी कमी समजते.

मग फळवाली सुचिता, शाळेतली सुचिता, अन् एका ट्रॉलीच्या मागं लाल रंगानं 'सुचिता'. ट्रॉली पण मोजली. हाताचे बोटं संपले.

एक गोष्ट लक्षात आली. दहा वर्षांच्या खालची एकही सुचिता भेटली नाई. मी त्याच्यावर बसमध्ये विचार केला. लोक थांबून आहेत. नाव इतकं मोठं झालं का ठेवायची कोणाची हिंमत होत नाई. घरच्याच माणसानं सुरुवात करायले पाहिजे.

गोळ्या आणायच्या राहिल्या.

१७ नोव्हेंबर

नाव सांगते आत्या. रिवाज आहे. पाळण्यात पोरीच्या कानात आत्या जे फुंकन ते नाव पक्कं, मग बापानं मोबाईल आपटला तरी. आत्या म्हणजे माही पोरगी उर्वशी, नागपूरले असते. तिले फोन केला.

म्हणे आई, मी भावाच्या अन् वहिनीच्या मध्ये पडणार नाई. मोठी आली न्यायाधीश. मी म्हणलं तुले तो पितळेचा गुंड पाहिजे होता नं? तिच्या फ्लॅटमध्ये तिले त्याच्यात झाड लावायचं आहे. ज्याच्यात मी पन्नास वर्षं पाणी भरलं त्याच्यात ही मनीप्लांट लावणार.

 मग म्हणे, चिंचेनं घासून देशील का?

आत्या माह्याकडून झाली.

२० नोव्हेंबर

जिंकली!

श्रुतीचा फोन आला. स्वतःहून. म्हणे आई, उर्वशीताईनं सांगतलं तुमच्या मनात सुचिता नाव आहे. आम्हाले आवडलं. तेच ठेवू.

मी भाषण तयार करून ठेवलं होतं, ट्रॉलीपर्यंतचं सगळं. एक शब्द बोलावा लागला नाई. पोरीले समज आहे. मी उगाच लग्नाच्या वेळी तिच्या नाकावरून बोलली होती.

पुढचं ऐक. तिची आई वंदनाबाई, माही विहीण, बाजूलेच होती. नाव ऐकून रडली! मले फोनमध्ये ऐकू आलं. म्हणे, तुम्ही हे नाव सुचवलं, तुमचे उपकार फिटणार नाई, माह्या मनात होतं पण तुमच्या घरचं लेकरू, मी कशी बोलू. मी म्हणलं अहो त्याच्यात उपकार काय, नावच तसं आहे.

विहिणीच्या मनात माह्यं नाव! मी तिले उगाच आखडू समजत होती. दिवाळीच्या चकल्यांबद्दल मी जे बोलली ते मी मागं घेते. चकल्या कडकच होत्या, पण मागं घेते.

२१ नोव्हेंबर

बुढ्याले सांगतलं. नातीचं नाव सुचिता, पक्कं. त्याले ठसका लागला. पाणी देल्लं. म्हणे, दुसरं नाई का काही? कायरा काय वाईट आहे?

या माणसानं जन्मात कायरा शब्द नसन ऐकला. मी म्हणलं तुम्हीच तर लिहिलं होतं तांदळात. म्हणे, तेव्हाची गोष्ट वेगळी. अन् बगीच्यात गेला.

दृष्ट लागन म्हणून भीत असन. जुने माणसं तशीच.

२५ नोव्हेंबर

बारसं १४ डिसेंबरले, रविवारी, सौसरले. मले झोपता झोपता एक आयडिया आली, सकाळी पक्की केली. जितक्या सुचिता आहेत तितक्या सगळ्या बारशाले बोलवायच्या. रांगेत बसवायच्या. पहिले मी, मग वयानुसार बाकीच्या, शेवटी पाळण्यात पोरगी. दोन शब्द मी बोलीन. अभिजीत व्हिडिओ काढन.

वंदनाबाईले फोन केला, वीस-पंचवीस ताटं जास्त लागतील म्हणून. मले वाटलं कुरकुर करन. ती पुन्हा रडायले लागली. म्हणे, तुमचं मन किती मोठं, माह्या ध्यानात पण नाई आलं हे, त्याईले किती आनंद होईल. मी म्हणलं त्याईले म्हणजे कोणाले? म्हणे सगळ्यांले, सगळ्यांले.

विहीण म्हणून असावी तर अशी.

भाषण लिहून राहिली. सुरुवात: 'बहिणींनो अन् माह्या नावच्यांनो.'

२८ नोव्हेंबर, दुपारी ४

घाईत लिहून राहिली, अक्षराले माफ कर.

सगळ्या सुचितांले फोन लावायचं काम चालू होतं. शिलाईवालीले लावला. म्हणे येते नं आजी, ब्लाउज शिवून घालते नवीन. मग म्हणे, सुचिता सिस्टर पण येणार असतील नं?

मी म्हणलं कोणती सिस्टर?

म्हणे, अहो आपली सिस्टर! रामाकोना गावची. सरकारी दवाखान्यातली. मी तिच्याच हातची. आईचं अडलं होतं, मी पायाळू, ही बाई रात्रभर बसली, पोटावरून हात फिरवून फिरवून मले सुलटी केली. म्हणून आईनं तिचंच नाव ठेवलं. आंगनवाडीवाली तशीच. फळवाली तशीच. तिची बदली जिथं जिथं झाली नं आजी, तिगाव, सौसर, इकडं पांढुर्ण्याकडे, तिथं तिथं सुचिता झाल्या. ती रिटायर झाली अन् नाव बंद पडलं. तुम्ही म्हणाल्या नं, रोज पाहते म्हणून. मले वाटलं तुमच्या शेजारी राहते.

मी म्हणलं अन् ट्रॉली?

म्हणे, ट्रॉली फळवालीच्या नवऱ्याची.

फोन ठेवला. चहा केला. चहात साखर टाकायची राहिली, तसाच पेली.

सायंकाळी ६

बुढा अंगणात संत्रे निवडत बसला होता, मोठे एकीकडे, चिल्लर एकीकडे. मी समोर जाऊन उभी राहिली. म्हणलं, रामाकोन्याची सुचिता सिस्टर कोण?

त्याच्या हातातलं संत्रं चिल्लरमध्ये पडलं. मोठं होतं.

मी म्हणलं आज बगीच्यात जायचं नाई, मी फाटकाले कुलूप लावलं.

मग बोलला. इतके वर्षं मी याले मुका समजत होती. सगळं बोलला. माह्या आधी तिच्याशी जमलं होतं. साखरपुडा झाला होता. माह्या सासऱ्यानं हौसेनं भांडे आणले, गुंड, गंज, कोपर, सगळ्यावर नाव घालून आणलं. तिचं नाव माहेरचंच सुचिता, बाप मास्तर होता. अन् मग पोरीनं सांगतलं मले नर्सिंग शिकायले छिंदवाड्याले जायचं आहे, लग्न नाई करायचं. मोडलं. मग माह्यं जमलं.

मी म्हणलं, अन् नाव?

म्हणे, माहा बाप म्हणाला का भांड्यावरचं नाव खरडलं तर पितळ पातळ होते, भोक पडते. सुनेचं नाव तर तसंही बदलायचंच असते.

मतलब भांड्याले धक्का नाई लागला पाहिजे म्हणून माह्यं नाव गेलं.

मी म्हणलं, तिची बदली तिगावले होती तेव्हा तुम्ही मले दोन्ही बाळंतपणाले सातव्या महिन्यातच माहेरी सोडून आले, तिच्या हाती पडू नये म्हणून. मी गावात सांगत फिरली का नवरा लय काळजी करते!

त्यानं संत्रं उचलून मोठ्यात ठेवलं.

२९ नोव्हेंबर

बुढ्याशी बोलणं बंद. त्याच्या लक्षात अजून आलं नाई.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाई. तिनं नाई काहून म्हणलं? काय कमी होतं याच्यात? उंच होता. बगीचा होता. सायकल होती, घंटीवाली. दात सगळे होते. लोक रांगेत उभे होते पोरी घेऊन. अन् ही म्हणते मले नर्सिंग करायचं!

आमच्या माणसाले नाई म्हणणारी ही कोण?

२ डिसेंबर

ठरवलं. नाव बदलायचं. माह्या नातीच्या पाळण्यात त्या बाईचं नाव जाणार नाई. जिनं नाव आणलं तीच परत घेऊ शकते. सोपं आहे.

श्रुतीले फोन केला. म्हणलं, बाई, मी विचार केला, सुचिता नाव लय जुनाट वाटते, आजकाल चालत नाई. तुम्ही तरुण लोक, तुमच्या पसंतीनं ठेवा.

म्हणे, आई, तुम्ही आमच्यासाठी मन मारू नका. माहा जन्म सिस्टरच्याच हातचा आहे, आई नेहमी सांगते, ती नसती तर आम्ही दोघी मायलेकी राहिलो नसतो. तुमचं अन् तिचं नाव एकच निघालं, तेव्हाच आम्ही ठरवलं. एका नावात दोघी. अन् तुम्ही सगळ्या सुचितांले बोलवून सिस्टरचा सत्कार करून राहिल्या, हे तर आमच्या कोणाच्या डोक्यात पण आलं नसतं.

सत्कार. मी करून राहिली. मीच.

मी म्हणलं, कायरा काय वाईट आहे?

म्हणे, आई, तुम्ही किती मजा करता!

५ डिसेंबर

उर्वशी. आता तीच आहे हातात. म्हणलं, बाळा, कानात दुसरं काही पण सांग. आत्याचा अधिकार आहे. सगळ्यांसमोर बोलशील तेच राहीन.

म्हणे, दुसरं काय? मी म्हणलं काही पण, कायरा म्हण, मायरा म्हण, ढमाबाई म्हण. म्हणे, आई, गुंड देशील म्हणून मी वहिनीले दहा वेळा समजावलं, आता तू उलटली? मी म्हणलं गंज पण देते. कोपर पण देते. सगळे देते, घरात एक नको मले ते भांडं.

तर म्हणे, काय झालं आई? काही झालं का?

मी म्हणलं काही नाई झालं, नेटवर्क नाई येऊन राहिलं.

८ डिसेंबर

नवीन प्लान. गुडघा. मी आजारी पडली तर बारसं पुढं जाईन, पुढं गेलं का लोकांचा उत्साह कमी होईल, तेवढ्यात नाव बदलून टाकता येईल. सकाळपासून खाटेवर.

अभिजीत आला. गुडघा पाहिला. म्हणे, आई, तू आराम कर, आम्ही तुले व्हिडिओ कॉलवर दाखवू.

दुपारी उठून भाजी केली. गुडघा बरा आहे.

११ डिसेंबर

शेवटचा उपाय. माह्या मनात नव्हता, पण आला.

श्रुतीले म्हणलं, एक नाव सुचवू का? साधं आहे. गिरजा.

 म्हणे, छान आहे आई, पण गिरजा कोण?

मी म्हणलं, होती एक. तिगावात लग्न होऊन आली होती. पुढं काय झालं माहीत नाई.

म्हणे, तुमची मैत्रीण का?

मी म्हणलं, हो, जवळची.

म्हणे, मग पुढच्या बाळाले ठेवू. पुढचा पोरगा झाला तर काय करन ही, माहीत नाई.

१३ डिसेंबर

भाषण फाडलं. मग वाटलं उगाच फाडलं, सुरुवात चांगली होती. बुढ्यानं कुर्त्याले इस्त्री करायले सांगतली. तो कधी सांगत नाई. मी म्हणलं कोणासाठी? म्हणे नातीसाठी.

इस्त्री केली. कॉलर मुद्दाम एक बाजू सोडली.

१४ डिसेंबर, घरी परत आल्यावर

सगळं लिहिते. विसरायचं आहे म्हणून लिहिते.

सौसरले पोचलो तर मांडव भरलेला. सगळ्या सुचिता आल्या होत्या, मी बोलवलेल्या. नवीन ब्लाउज, गजरे. मले वाटलं मले पाहून उठतील. उठल्या. पण माह्या मागून कोणी येऊन राहिलं होतं. सडपातळ, पांढरी बारीक काठाची साडी, केस एकदम छोटे कापलेले, बरं दिसत होतं. सगळ्या पोरी तिच्या पाया पडायले धावल्या. शिलाईवालीनं मले थोडं बाजूले सरकवलं. आजी, जरा सरका. असंच म्हणाली.

सिस्टर सरळ माह्याकडे आली. मी तयारी केली होती, एक शब्द बोलायचा नाई.

म्हणे, तुम्हीच नं? मले लय वर्षांपासून तुम्हाले पाहायचं होतं.

मी म्हणलं काहून?

म्हणे, शेवटी यांच्याशी कोणी केलं ते पाहायले. अन् तिकडे बुढ्याकडे मान केली. बुढा पंख्याखाली उभा होता, पंखा बंद होता.

मी म्हणलं, केलं अन् निभावलं पण. माणूस चांगला आहे आमचा.

म्हणे, चांगला तर होताच हो. पण साखरपुड्याले पूर्ण तीन तास बसला अन् माह्याशी एकच वाक्य बोलला.

मी विचारलं, कोणतं?

म्हणे, 'औंदा संत्र्याले भाव नाई.'

मले हसायचं नव्हतं. मी ठरवून आली होती. पण आलं. ती पण हसली. आम्ही दोघी हसून राहिलो, बुढा पंख्याचं बटन शोधून राहिला. मी तिले सांगतलं, माह्याशी लग्नानंतर पहिल्या दिवशी तेच बोलला. ती म्हणे, मतलब त्या साली खरंच भाव नसन.

मग पाळणा. पोरीले नटवून आणलं, काजळ, जिवती, झबलं. गाणे झाले. उर्वशी वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं. आत्या नाव सांगते तेव्हा बाकीच्या बाया तिच्या पाठीत बुक्की मारतात, रिवाज आहे. मी पुढं होऊन मनापासून मारली. कोणी काही म्हणू शकत नाई. उर्वशी 'आई गं' म्हणाली अन् मग मोठ्यानं सांगतलं, सुचिता!

टाळ्या. वंदनाबाई रडली, तिचं काय. सगळ्यांनी सिस्टरले हार घातला. फोटो काढला. मधी खुर्चीवर सिस्टर, मांडीवर पोरगी, मागं सगळ्या सुचिता. मी ओवाळायचं ताट धरून कडेले. अभिजीतनं आता फोटो पाठवला, त्याच्यात ताट पूर्ण आहे अन् मी कोपरापर्यंत.

जेवणाच्या वेळी कोणीतरी आवाज देल्ला, 'सुचिताबाई, पंगतीले चला!' मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. सगळ्यात पहिले बुढ्याची.

निघताना सिस्टरनं पोरगी माह्या हातात देल्ली. म्हणे, बेंबी चांगली सुकली. मालिश रोज करा, तिळाच्या तेलानं, हलक्या हातानं. हे काम तुमचं, मले आता हात साथ देत नाई.

पोरगी माह्याकडे पाहून राहिली होती. एकदम बुढ्यासारखं, काही न बोलता. मी म्हणलं, काय गं? तिनं माह्या नव्या साडीवर मुतलं.

साडी धुवून वाळत घातली, मग लिहायले बसली.

तर डायरीबाई, हिशोब असा. नाव तिचं. पण ते घरीदारी मिरवलं कोणी, मी. ती तर आयुष्यभर सिस्टरच राहिली लोकांसाठी, कोणी सुचिता म्हणून हाक मारली असन का तिले? मले रोज मारली. अर्धा हक्क तर माहा होतेच. थोडा जास्तच.

आता पक्कं लिहून ठेवते. ही पोरगी मोठी होईन, बोलायले लागन, अन् एक दिवस विचारन का माह्यं नाव कोणावरून ठेवलं. तेव्हा श्रुतीनं उत्तर द्यायचं नाई. वंदनाबाईनं तर अजिबात नाई, ती रडन. सिस्टरले फोन लावायचा नाई. मी ऐकू न आल्यासारखं करीन. उत्तर बुढ्यानं द्यायचं. उभं राहून, सगळ्यांसमोर, संत्र्याचा भाव मधी न आणता. अन् विचार करून द्यायचं, कारण जेवायले माह्याच हातचं आहे.